सुधारून घेतलेली घरची मोटार

कल्याणकडून निघून परभणी, नांदेड, भोकर असा पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तेलंगणात शिरला, की थोड्याच अंतरावर भैंसा हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव लागते. गाव तेलंगणात असले तरी त्याच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानांवर पडतात. निजामी राजवटीत हे गाव नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात मोडत असे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याकडे गेली, आणि २०१६ पासून हा मुलूख नव्या निर्मल जिल्ह्यात आला. सरकारी दप्तरातील नावे बदलत गेली. जमीन मात्र तीच राहिली. ती काळी, कापशीची, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे. अशा जमिनीवर घातलेला रस्ता फार दिवस सपाट राहत नाही. कोठे तो खचतो, कोठे वर येतो, आणि त्याच्या दोन्ही कडा पहिल्या दोनचार पावसांतच सुटू लागतात.

या रस्त्यावरून धावणारी घरची मोटार मात्र मुळात या रस्त्यासाठी जन्मलेली नव्हती. तिचा आराखडा कोणी तुरीन शहरात केला होता, कोणी ऑक्सफर्डजवळ, तर कोणी कॉव्हेन्ट्रीत. परमुलखातून आलेली ही पाहुणी येथल्या चिखलाला, धुळीला, उन्हाला आणि माणसांनी खच्चून भरण्याच्या रीतीला कशी सरावली, तिच्यात थोडेथोडे फरक करून तिची शक्ती आणि चाल लोकांनी कशी सुधारली आणि कधीकधी कशी बिघडविली, हा विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या मोटारीत घरची चारपाच माणसे बसून बासरला सरस्वतीच्या दर्शनास जातात, तिच्या बाबतीत कोणताच फरक किरकोळ नसतो.

मोटार येण्यापूर्वी या भागाला लांबच्या प्रवासाचा आधार होता तो रेल्वेचा. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बासरवरून नांदेडकडे धावू लागला. भैंसा मात्र त्या मार्गापासून दूरच राहिले. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्त्यावरील वाहतुकीचे निराळे खाते उघडले, तेव्हा त्याच्यापाशी २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. एवढ्या अल्प भांडवलावर त्या संस्थानात प्रवासी मोटारीची वाहतूक उभी राहिली. खाजगी मोटार ही तर त्यानंतर कित्येक वर्षे मूठभर लोकांचीच चैन होती.

मोटारीत सुधारणा करण्याची खटपट तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली आपले ‘मॉडेल टी’ हे वाहन बाजारात आणले आणि १९२७ पर्यंत त्याचे दीड कोटी नग विकले. हे वाहन उंच, काटक आणि शेतवाटेवरून जाणारे होते. पण त्याच्या जवळजवळ तीन लिटरच्या इंजिनाची शक्ती अवघी २० अश्वशक्ती होती. इतके मोठे इंजिन आणि इतकी थोडी शक्ती, हे कोडे अनेकांना पडले. त्याचे उत्तर लुई आणि आर्थर शेव्हरोले या बंधूंनी शोधले. फोर्डच्या इंजिनाच्या झडपा कुशीला होत्या. या बंधूंनी झडपा माथ्यावर असलेले नवे हेड तयार करून विकावयास काढले. ते बसविलेली एक फोर्ड १९२३ सालच्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पाचवी आली. सामान्य माणसाच्या मोटारीत एखादा भाग पालटून तिचा कायापालट करता येतो, ही कल्पना येथून जगभर पसरली.

या खटपटीमागील तत्त्व साधे आहे. इंजिन म्हणजे हवेचा भाता होय. जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल जळेल, आणि जितके जळेल तितकीच शक्ती मिळेल. म्हणून शक्ती वाढवू पाहणारा मेस्त्री प्रथम इंजिनाचा श्वास मोकळा करतो. कार्ब्युरेटर मोठा घेतो, हेडमधील वाटा घासून गुळगुळीत करतो, जळालेला धूर बाहेर नेणारी नळी आणि सायलेन्सर मोकळे ठेवतो. यानंतरची पायरी म्हणजे आत आलेले मिश्रण अधिक दाबावयाचे. हेडचा तळ थोडा तासला की ज्वलनाची जागा आवळते आणि त्याच पेट्रोलातून अधिक जोर निघतो. परंतु दाब फाजील झाला आणि पेट्रोल हलके असले तर मिश्रण वेळेआधीच भडकते. इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनचा बळी जातो.

इटलीत या कलेचा धंदाच झाला. ‘सियाता’ ही पेढी १९२६ साली तुरीन येथे निघाली, ती फियाट मोटारींना जोडावयाच्या सुधारित भागांसाठीच. व्हिएन्नात जन्मलेले कार्लो आबार्थ यांनी १९४९ साली आपली पेढी काढली आणि छोट्या फियाट मोटारींचे सायलेन्सर व इतर भाग विकून नाव मिळविले. सुधारणेचे सारे साहित्य एका लाकडी पेटीत भरून ते गिऱ्हाइकाला देत. गावचा मेस्त्री ते बसवू शके. १९७१ साली फियाटने ती पेढीच विकत घेतली.

कारखानदारांनाही हे गमक उमगले होते. फियाटने १९५३ साली ‘अकराशे’ या मोटारीची नवी आवृत्ती काढली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी त्याच इंजिनाला अधिक दाब आणि दुहेरी नळीचा कार्ब्युरेटर देऊन कारखान्याने तिचीच एक वेगवान बहीण सादर केली. तिची शक्ती ५० अश्वशक्ती भरली. म्हणजे आकार तोच, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी अधिक. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शक्ती चाळीस टक्के वाढली म्हणून वेग चाळीस टक्के वाढत नाही. वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो. नुसता दहा टक्के अधिक वेग हवा असेल, तर तो विरोध मोडण्यास सुमारे एक तृतीयांश अधिक शक्ती खर्चावी लागते. म्हणून अशा सुधारणेचा खरा लाभ अंतिम वेगात नसतो; तो चढावर, आणि पुढील मालमोटार झटपट ओलांडून आपल्या बाजूस परतण्यात असतो.

हीच अकराशे पुढे भारताच्या घरोघरी पोहोचली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून ती बनविण्यास घेतली. पुढे ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि अखेर ‘पद्मिनी’ अशी नावे घेत ती शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून ‘ॲम्बॅसडर’ उभी केली, आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ साली ‘हेरल्ड’ आणली. परवाना आणि कोटा यांच्या त्या काळात मोटारीची नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती आलेली मोटार लोक वीसवीस, पंचवीसपंचवीस वर्षे वापरीत. जुनी टाकून नवी घेण्याचा मार्ग बंद असल्याने जुनीलाच नवी करण्याचा मार्ग आपोआप मोकळा झाला. सिलिंडर पुन्हा कातून मोठ्या मापाचे पिस्टन बसविणे, झडपा घासणे, किंगपिन व बुश बदलणे ही कामे जिल्ह्याच्या गावांतील मेस्त्रींना तोंडपाठ झाली. सुधारणा ही चैन नव्हती. ती दुरुस्तीच्याच पोटी जन्मली होती.

तरीही ॲम्बॅसडरच्या मालकाला एका गोष्टीची कल्पना क्वचितच असे. त्याच्या मोटारीतील १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि इंग्लंडात १९५५ साली निघालेल्या ‘एम. जी. ए.’ या प्रसिद्ध क्रीडामोटारीचे इंजिन एकाच घराण्यातील होते. क्रीडामोटारीत दोन कार्ब्युरेटर आणि अधिक दाब यांच्या बळावर ते प्रथम ६८ आणि मग ७२ अश्वशक्ती देई. ॲम्बॅसडरमध्ये ते पन्नासच्या आसपास समाधान मानी. हे औदासीन्य नव्हे, तर व्यवहार होता. त्या काळी भारतात मिळणारे सामान्य पेट्रोल कमी ऑक्टेनचे असे; त्याला जास्त दाब सोसत नसे. ज्याने विलायती पुस्तक वाचून हेड तासून घेतले, त्याला पहिल्या चढावरच इंजिनाचे ठोके ऐकावे लागत. पाहुणी जशी होती तशीच का होती, याची कारणे पुष्कळदा या मातीतच असत.

शक्तीपेक्षाही अधिक गहन विषय मोटारीच्या चालीचा आहे. मोटार रस्त्याला धरते ती चार चाकांच्या तळव्यांनी. प्रत्येक तळवा माणसाच्या पंजाएवढा. आणि वेग घेणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे त्याच पंजाकडून करून घ्यावयाची असतात. म्हणून चाल सुधारण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय टायरमधील हवेचा आहे. हवा कमी असली तर टायर तापतो आणि वळणावर मोटार झोकांड्या खाते; फाजील असली तर तळवा लहान होतो आणि ओल्या रस्त्यावर चाक निसटते. याच कारणाने जगातील सर्वांत मोठी सुधारणा मोटारीच्या कारखान्यातून न येता टायरच्या कारखान्यातून आली. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेला रेडियल टायर रस्त्याला अधिक निष्ठेने धरतो. तो भारतात सर्वत्र रुळण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

दुसरा उपाय कमानींचा, आणि त्यातच गफलत अधिक. खड्ड्यांत मोटारीचे पोट घासते, म्हणून मागील कमानीत एखादा पाटा वाढवून घेण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र पडली. मोटार उंच होते, माणसे आणि सामान भरले तरी बसत नाही, येथवर लाभच. पण कमान ताठ झाली की रिकामी मोटार खचलेल्या रस्त्यावर उड्या मारू लागते, मागची चाके क्षणक्षण अधांतरी राहतात, आणि पावसात वळण घेताना मागचा भाग आधी निसटतो. शिवाय उंची वाढली म्हणजे गुरुत्वमध्यही वर गेला. जाणता मेस्त्री म्हणून पाटा वाढविण्याआधी शॉक ॲब्सॉर्बर तपासतो. कमान धक्का घेते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिचे हेलकावे शमवितो. एक ताठ आणि दुसरा मेलेला, या जोडीइतकी धोक्याची जोडी दुसरी नाही. वळणावर एका अंगास झुकणे कमी करणारा आडवा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, याचेही तसेच आहे. तो पुढे जाड केला तर मोटार वळणावर नाक बाहेर काढू लागते. मागे जाड केला तर मागचा भाग सुटू पाहतो. एका टोकाला दिलेले दुसऱ्या टोकाचे काढून घेतलेले असते.

हेरल्डची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. तिची मागील दोन चाके स्वतंत्रपणे हलत. पण ज्या अर्ध्या दांड्यांवर ती बसविलेली होती ते मधल्या सांध्याभोवती झोका घेत. वेगात वळताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरील पाय एकदम काढला, की मागचा भाग वर उचलला जाई, बाहेरचे चाक मोटारीखाली दुमडू पाही आणि पकड नाहीशी होई. इंग्लंडात त्याच जातीच्या ‘स्पिटफायर’ मोटारीची मागील आडवी कमान १९७० साली बदलून हा दोष आटोक्यात आणला गेला. मद्रासच्या कारखान्याने निराळी वाट धरली. १९७२ साली आलेल्या ‘गॅझेल’ला त्याने झोका घेणारे दांडे टाकून साधा, अखंड मागील आस दिला. कागदावर ही पीछेहाट दिसते. परंतु जी रचना खेड्यातील मेस्त्रीला उघडून पुन्हा बिनचूक जोडता येते आणि जी भरलेल्या मोटारीखाली दगा देत नाही, तीच त्या देशापुरती पुढारलेली म्हटली पाहिजे.

शक्ती, चाल आणि तिसरे अंग ब्रेकचे. शर्यतीच्या मोटारी बनविणारे जॉन कूपर यांनी इंग्लंडातील चिमुकल्या ‘मिनी’वर हात चालविला, तेव्हा त्यांचा हिशोब पक्का होता. १९५९ च्या मिनीची शक्ती ३४ अश्वशक्ती होती. १९६१ च्या ‘मिनी कूपर’ची ५५ झाली. पण त्याच वेळी पुढील चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले गेले. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० च्या वेगाने जाणारी मोटार थांबवावयाची तर ब्रेकना पावणेदोन पटीहून अधिक ऊर्जा गिळावी लागते. ती उष्णता होऊन ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, पेडल खोल जाते, आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाहीत. निर्मलच्या उत्तरेस आदिलाबादच्या वाटेवर महबूब घाट उतरताना गियरमध्ये न ठेवता नुसत्या ब्रेकवर मोटार सोडणाऱ्या चालकाला हा धडा फार महागात पडू शकतो. आधी थांबणे, मग वळणे आणि अखेरीस पळणे, हाच सुधारणेचा खरा क्रम आहे; हौशी माणसाचा क्रम बहुधा याच्या उलट असतो.

डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते, त्या काळात आणखी एक लाट आली. ॲम्बॅसडरसारख्या मोटारींत पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविण्यास लोकांनी आरंभ केला. पैशांचा हिशोब बरोबर होता, वजनाचा चुकला. जड इंजिनाने पुढच्या कमानी दबल्या, स्टिअरिंग जड झाले आणि वळणावर मोटार सरळच जाऊ पाहू लागली. जेथे पुढच्या कमानी आणि ब्रेक यांचाही विचार झाला तेथे मोटार निभावली. जेथे झाला नाही तेथे वाचविलेले पैसे टायर आणि सांधे यांतच गेले. कारखानदारांनीही हृदये बदललीच. १९८५ साली प्रीमियरने आपल्या नव्या ‘११८ एन. ई.’ या मोटारीस निस्सानचे इंजिन दिले, आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी ॲम्बॅसडरला इसुझूचे १८०० घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. मात्र १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या ७९६ घनसेंटिमीटरच्या ‘मारुती ८००’ने तोवर लोकांची दृष्टीच पालटली होती. हलक्या मोटारीला थोडी शक्ती पुरते, आणि वजन उतरविणे ही सर्वांत उत्तम सुधारणा होय, हे तिने बोलून न दाखविता सिद्ध केले.

कायद्याची नजरही हळूहळू कडक होत गेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे. २००० सालच्या दुरुस्तीने निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास त्यात मनाई झाली. इंधन बदलण्यासारख्या काही बाबींत मात्र विहित अटींवर मुभा राहिली. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ निःसंदिग्ध केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. नांदेडचा ‘एम. एच. २६’ क्रमांक असो की सीमेपलीकडील तेलंगणाचा, या बाबतीत न्याय एकच आहे. मेस्त्रीच्या कसबावर हा अविश्वास आहे, असे काहींना वाटते. परंतु रस्त्यावर मोटार एकटी नसते. कापसाच्या हंगामात उंच भरलेल्या मालमोटारी, बैलगाड्या, सायकली आणि शाळेची मुले त्याच पट्ट्यावरून जात असतात. तासलेल्या हेडचा किंवा वाढविलेल्या पाट्याचा परिणाम त्यांनाही भोगावा लागतो, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीची अधिकृत कारकीर्द २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले होते. आजच्या मोटारीत कार्ब्युरेटर नाही; पेट्रोल किती आणि केव्हा फवारावे हे संगणक ठरवितो, आणि त्याची आकडेमोड बदलून शक्ती वाढविणारे नवे मेस्त्रीही निघाले आहेत. साधन बदलले, मोह तोच राहिला. हवेचा विरोध, टायरची पकड आणि तापणारा ब्रेक यांचे नियम मात्र शेव्हरोले बंधूंच्या काळी होते तेच आजही आहेत.

आणि भैंसा गावाजवळची काळी जमीनही तीच आहे. मृगाच्या सरी पडल्या की ती फुगेल, रस्त्याची कड सुटेल, आणि समोरून येणाऱ्या मालमोटारीस वाट देताना घरच्या मोटारीचे एक चाक त्या कडेवरून खाली उतरेल. त्या क्षणी इंजिनात किती अश्वशक्ती आहे, हे कोणी विचारणार नाही. टायरमध्ये हवा योग्य आहे काय, शॉक ॲब्सॉर्बर जिवंत आहे काय, स्टिअरिंगचा सांधा ढिला तर नाही ना आणि ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात काय, या चार प्रश्नांची उत्तरे प्रवासापूर्वी देऊन ठेवलेली असली, म्हणजे ती मोटार पुन्हा डांबरावर चढते आणि बासरची वाट धरते.